सीआरओच्या पडद्यावर घड्याळ आणि देवनागरी अक्षरे : एक्स-वाय मोडमधल्या अडचणी

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात सांगलीतल्या एका भंगारवाल्याकडे मला दोन चॅनेलचा, २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ (कॅथोड-रे ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख नळीच्या पडद्यावर दाखवणारे उपकरण) मिळाला. एखाद्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला असावा. चालू केल्यावर हिरवी रेघ उमटली, फोकसच्या नॉबने ती बारीक झाली, तेवढे पाहून १,८०० रुपये मोजले आणि तो घरी आणला. मोजमापासाठी माझ्याकडे दुसरे उपकरण आहे. या सीआरओचे मला घड्याळ करायचे आहे, म्हणजे पडद्यावर गोल तबकडी, काटे आणि त्याखाली देवनागरीत गावाचे नाव.

ज्यांनी हा प्रयोग केलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एरवी सीआरओमधला टाइमबेस आडव्या दिशेच्या प्लेट्सना करवतीच्या दात्यांसारखा चढता व्होल्टेज देतो आणि त्यामुळे ठिपका डावीकडून उजवीकडे सरकत राहतो. एक्स-वाय मोड निवडला की टाइमबेस बाजूला होतो, एक चॅनेल ठिपक्याला आडवा हलवतो आणि दुसरा उभा. एकीकडे कोसाइन आणि दुसरीकडे साइन दिली की वर्तुळ उमटते. माझ्याकडे ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आहे. त्याच्या २५ आणि २६ क्रमांकाच्या पिनांवर ८ बिटांचे दोन डॅक (आकड्याचे व्होल्टेज करून देणारी सर्किटे) आयतेच मिळतात आणि त्यांचा व्होल्टेज ० ते ३.३ व्होल्टच्या दरम्यान फिरतो. पडद्यावर आडवे दहा आणि उभे आठ चौकोन आहेत, प्रत्येक चौकोन एका सेंटीमीटरचा. दोन्ही चॅनेल अर्ध्या व्होल्टला एक चौकोन या प्रमाणावर ठेवले, की चित्र साधारण साडेसहा सेंटीमीटरचे होते आणि पडद्यात नीट बसते.

वर्तुळ उत्तम येते. अडचण पुढे सुरू होते. अक्षरांच्या प्रत्येक कोपऱ्यावर झगझगीत गाठ दिसते, एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना मधे पुसट रेघ ओढली जाते, तिरप्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि सगळे चित्र लुकलुकते. एका चित्रात सुमारे १,२०० बिंदू आहेत. एक बिंदू टाकायला, म्हणजे दोन्ही डॅक लिहायला, मी मोजले तेव्हा ४० मायक्रोसेकंद लागत होते. कुठे चुकते आहे हे जाणकारांनी सांगावे.

तासगावचा दुरुस्तीवाला

कृष्णाकाठ साहेब, आपण मोजून आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. १,२०० बिंदूंना प्रत्येकी ४० मायक्रोसेकंद, म्हणजे एका चित्राला ४८ मिलिसेकंद. सेकंदाला चित्र जेमतेम एकवीस वेळा काढले जाते. आपल्या नळीतला हिरवा फॉस्फर, म्हणजे पडद्यावरचा चमकणारा लेप, चटकन विझणारा असणार, कारण मोजमापाच्या सीआरओला तसाच लागतो. रडारच्या नळ्यांत उजेड धरून ठेवणारा फॉस्फर वापरत असत, तो इथे नाही. सेकंदाला निदान ५० चित्रे मिळाल्याशिवाय लुकलुक थांबणार नाही.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. आपण या पडद्याकडे टीव्हीचा पडदा म्हणून पाहत आहात, म्हणजे बिंदू लावला की तो लागला, असे. सीआरओजवळ चित्र साठवायला काहीही नसते. एकच ठिपका असतो, तो एखाद्या जागी जितका वेळ थांबेल तितकी ती जागा उजळते आणि जितक्या वेगाने निघून जाईल तितकी ती फिकी पडते. इथे उजेड म्हणजे थांबलेला वेळ. हे एकदा मनात बसले की आपल्या तक्रारींची कारणे आपोआप दिसू लागतात.

कोपऱ्यावरची गाठ घ्या. एक रेघ जिथे संपते तिथेच दुसरी सुरू होते, आणि आपला प्रोग्राम तो बिंदू दोनदा लिहीत असावा. शिवाय पुढच्या रेघेची आकडेमोड चालू असताना ठिपका त्याच कोपऱ्यावर उभा राहतो. सगळ्या बिंदूंची यादी आधीच तयार करून मेमरीत ठेवावी आणि चित्र काढताना फक्त यादी वाचावी, मधे गणित करू नये. दुसरे असे, की लांब आणि आखूड रेघांना सारखेच बिंदू दिले तर आखूड रेघ जास्त उजळते. बिंदूंची संख्या सारखी नको, दोन बिंदूंमधले अंतर सारखे हवे. आपल्या ८ बिटांच्या मापात साडेसहा सेंटीमीटरवर २५६ पायऱ्या येतात, म्हणजे एक पायरी पाव मिलिमीटरची. या वर्गातल्या सीआरओंवर नीट फोकस केलेला ठिपकासुद्धा मला साधारण अर्ध्या मिलिमीटरचा दिसत आला आहे. तेव्हा प्रत्येक पायरीवर बिंदू टाकण्यात अर्थ नाही, दोन पायऱ्यांना एक बिंदू पुरतो. एवढ्यानेच आपले निम्मे बिंदू कमी होतील.

तिरप्या रेघेच्या पायऱ्या मात्र वेगळ्या कारणाने येतात. आपण आधी एक्स लिहिता आणि मग वाय. या दोन लेखनांच्या मधल्या काळात ठिपका नव्या एक्सवर आणि जुन्या वायवर असतो, म्हणजे जिथे असायला नको अशा जागी. ४० मायक्रोसेकंदांपैकी निम्मा वेळ तो तिथे काढत असेल तर ती चुकीची जागाही तेवढीच उजळणार. यावर खरा उपाय म्हणजे दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी बदलणे. एमसीपी४९२२ ही १२ बिटांच्या दोन डॅकची एकच चिप मिळते. तिच्या एलडॅक पिनेमुळे दोन्ही आकडे आधी आत भरून ठेवता येतात आणि मग एका इशाऱ्यावर दोन्ही आउटपुट एकत्र बदलतात. एका डॅकला १६ बिट पाठवावे लागतात, २० मेगाहर्ट्झच्या क्लॉक सिग्नलवर त्याला ०.८ मायक्रोसेकंद लागतो, आणि आउटपुट स्थिर व्हायला सुमारे साडेचार मायक्रोसेकंद. चाळीसच्या जागी पाच-सहा मायक्रोसेकंदांत काम होईल.

जाता जाता एक सांगतो, कारण ते याच मुद्द्याला धरून आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये पाहुण्यांसाठी टेनिसचा खेळ मांडला होता, तो पाच इंची ऑसिलोस्कोपवरच. जमीन, जाळी आणि चेंडू हे तिन्ही एकच ठिपका आळीपाळीने काढत होता आणि ही अदलाबदल इतक्या झपाट्याने होत होती की पाहणाऱ्याला तिन्ही एकत्र दिसत. चेंडूची वाट अॅनालॉग संगणक काढत असे. आपले घड्याळही त्याच जातीचे आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

तासगावकरांनी मूळ गोष्ट सांगितलीच आहे. मी फक्त अक्षरांबद्दल लिहितो, कारण गेली दोन वर्षे मी त्याच नादात आहे.

दोन अक्षरांमधली पुसट रेघ घालवण्यासाठी बहुतेक जण सीआरओच्या मागच्या झेड इनपुटकडे वळतात, म्हणजे उडी मारताना ठिपका विझवायचा. तो मार्ग योग्यच आहे. पण देवनागरीत लिहीत असाल तर त्याच्या आधी एक गोष्ट करून पाहावी. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात, त्यामुळे तिथे उडी टळत नाही. आपल्याकडे शिरोरेखा आहे. शब्दातली जवळजवळ सगळी अक्षरे तिला टांगलेली असतात, म्हणजे संपूर्ण शब्द हे एकच जोडलेले चित्र असते, आणि सीआरओला नेमके तेच हवे असते.

मी ‘सातारा’ हा शब्द असा काढतो. शिरोरेखेच्या डाव्या टोकापासून निघायचे. स चा डावा भाग जिथे टांगलेला आहे तिथे खाली उतरायचे, तो भाग काढून त्याच वाटेने परत वर यायचे आणि शिरोरेखेवरून पुढे सरकायचे. मग दंड आला की खाली जाऊन परत वर, नंतर काना, पुन्हा खाली आणि वर. त चे वळण दंडाला मधे जोडलेले असते, तेव्हा दंडावरून उतरताना त्या जागी वळायचे, वळण पुरे करून उलट पावली दंडावर यायचे आणि मग खाली जायचे. शेवटच्या कान्यानंतर शिरोरेखेवरूनच डावीकडे परतायचे. आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो आणि पुढचे चित्र सुरू होते. या सगळ्या प्रवासात एकही उडी लागत नाही, म्हणून पुसट रेघ पडायला जागाच उरत नाही. शिवाय प्रत्येक रेघेवरून ठिपका बरोबर दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना, त्यामुळे उजेडही सगळीकडे सारखा येतो.

हा योगायोग नाही. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, हा प्रश्न गणिती ऑयलरने १७३६ मध्ये हाताळला, त्यातूनच हे निघते. जोडलेल्या आकृतीत प्रत्येक बिंदूला मिळणाऱ्या वाटांची संख्या सम असेल, तर सगळ्या वाटा एकेकदाच चालून मूळ जागी परत येता येते. प्रत्येक रेघ दुहेरी धरली की ती संख्या सगळीकडे आपोआप सम होते. म्हणून कोणतेही जोडलेले अक्षर या पद्धतीने काढता येणारच, प्रत्येक वेळी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही.

मर्यादाही सांगतो. ध आणि भ यांची शिरोरेखा डावीकडे तुटलेली असते, तिथे शिरोरेखेवरून सरळ पुढे जाता येत नाही. अनुस्वार आणि चंद्रबिंदू शब्दापासून सुटे असतात. तेव्हा ‘सातारा’ एका दमात लिहिता येतो, ‘सांगली’ला मात्र अनुस्वारासाठी एक उडी जाऊन-येऊन घ्यावीच लागते. ली ची वेलांटी अडचण करत नाही, ती दंडाच्या माथ्यालाच जोडलेली असते.

विश्रामबाग

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा धागा वाचून कालच प्रयत्न केला, पण माझ्याकडे डिजिटल स्कोप आहे आणि बोर्ड म्हणून अर्दुइनो उनो हा साधा मायक्रोकंट्रोलर. उनोला डॅक नाही, म्हणून पीडब्ल्यूएमचे (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या, कमी-जास्त रुंदीच्या स्पंदांचे) आउटपुट रेझिस्टर आणि कंडेन्सरमधून गाळून दिले. पडद्यावर आकृतीऐवजी ठिपक्यांचा ढग दिसतो. कृपया मार्गदर्शन करावे.

तासगावचा दुरुस्तीवाला

यात दोन गोष्टी एकत्र अडल्या आहेत. उनोचा नेहमीचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, पाच आणि सहा क्रमांकाच्या पिनांवर ९८० चा. तो गाळून सपाट व्होल्टेज मिळवायचा तर कंडेन्सर इतका मोठा लागतो, की आपले चित्रच त्यात विरघळून जाते. उनोतला टायमर-१ वापरून वारंवारता ६२.५ किलोहर्ट्झपर्यंत नेता येते आणि मग साधी आकृती निघते, पण अक्षरांपर्यंत जायचे असेल तर आर-टू-आरची शिडी, म्हणजे एका किमतीच्या आणि तिच्या दुप्पट किमतीच्या रेझिस्टरांचा डॅक, लावावी. प्रत्येक चॅनेलला आठ पिना, १० किलोओहमचे आणि २० किलोओहमचे रेझिस्टर, एवढेच सामान लागते. रेझिस्टर एकाच पट्टीतले घ्यावेत आणि मल्टिमीटरने मोजून जुळवावेत, विशेषतः सर्वांत वरच्या बिटाचे. १२७ वरून १२८ वर जाताना आठही बिट एकदम पालटतात. तिथे एका टक्क्याची चूकसुद्धा दोन-अडीच पायऱ्यांच्या फरकात जाऊ शकते आणि चित्राच्या बरोबर मध्यावर चीर किंवा गाठ दिसते. हात चालवून करण्यासारखे हे काम आहे, आणि आपल्या वयात ते जरूर करावे असे मला मनापासून वाटते, कारण डॅक आत काय करतो ते त्यानंतर कधी विसरत नाही.

डिजिटल स्कोपचे म्हणाल, तर तो ठिपका फिरवत नाही, व्होल्टेजचे नमुने घेऊन नंतर ते पडद्यावर मांडतो. एक्स-वाय मोडमध्येही पुष्कळ स्कोपवर टाइमबेसचा नॉब नमुन्यांचा वेग ठरवतो, ही गोष्ट लक्षात येत नाही आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. आपले एक चित्र २० मिलिसेकंदांत पुरे होत असेल आणि पडद्यावर दहा चौकोन असतील, तर टाइमबेस २ मिलिसेकंदांवर ठेवावा, म्हणजे एका घासात एक पूर्ण चित्र येईल. पर्सिस्टन्स, म्हणजे जुने बिंदू पडद्यावर राहण्याचा वेळ, थोडा वाढवावा. तरीही साध्या डिजिटल स्कोपवर थांबलेल्या आणि धावत्या ठिपक्यात उजेडाचा फरक फारसा दिसत नाही, त्यामुळे उडीची रेघ अक्षराइतकीच ठळक येते. अजिंक्यतारांची उडीविना लिहिण्याची पद्धत आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

मिरजकर

मी बोर्ड वापरत नाही, संगणकाच्या साउंडकार्डातून काम करतो. डावा चॅनेल एक्सला आणि उजवा वायला. ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला ५० चित्रे धरली तर एका चित्राला ९६० बिंदू मिळतात, ९६ किलोहर्ट्झवर १,९२०. सुरुवात करणाऱ्याला हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, पण दोन गोष्टी जाणून असाव्यात. साउंडकार्डाच्या आउटपुटला मालिकेत कंडेन्सर असतो, त्यामुळे डीसी बाहेर येत नाही आणि चित्र सरासरीभोवती सरकते. पडद्याच्या एका कोपऱ्यात काही काढले की ते हळूहळू मध्यावर येऊन बसते. दुसरे म्हणजे कार्डातला फिल्टर वरच्या वारंवारता कापतो, म्हणून चौकोनाच्या कोपऱ्यांना लहरी येतात. ते दोष मानू नयेत, ती या मार्गाची मर्यादा आहे.

आमच्या गावात तंबोरे आणि सतारी बनतात, त्यामुळे मी पहिल्यांदा काढले ते चित्र षड्ज-पंचमाचे होते. षड्ज २४० हर्ट्झ आणि पंचम ३६० हर्ट्झ, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण, असे दोन शुद्ध स्वर दिले की पडद्यावर लिसाजूची आकृती, म्हणजे एक स्वर आडवा आणि दुसरा उभा दिल्यावर उमटणारी वेलबुट्टी, स्थिर उभी राहते. पंचम पेटीच्या समान अंतराच्या मापाने घेतला तर तो ३५९.६ च्या आसपास येतो आणि तीच आकृती सव्वा सेकंदाला एक आवर्तन अशा गतीने सावकाश कूस बदलत राहते. कानाला जो फरक सांगायला सराव लागतो, तो इथे डोळ्यांना लगेच दिसतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहायचे आणि मगच लिहायचे असे ठरवले होते.

एमसीपी४९२२ मागवली आणि ३.३ व्होल्टवर चालवली. एका बिंदूला आता सहा मायक्रोसेकंद लागतात. बिंदूंची यादी आधी तयार केली, अंतर सारखे ठेवले, आणि कोपऱ्यांच्या गाठी त्याच दिवशी गेल्या. एलडॅक पिन वापरल्यावर तिरप्या रेघा सरळ आल्या. दोन्ही आउटपुटवर १ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड असा लहानसा फिल्टर लावला, त्याने बिंदू एकमेकांत मिसळून रेघ सलग दिसू लागली. इथे एक चूक झाली ती सांगतो. घाईत एका बाजूला १० नॅनोफॅरडचा कंडेन्सर लागला होता. एक्स आणि वाय यांच्यात विलंबाचा फरक पडला आणि सगळी अक्षरे आपल्या जागेवरून मागे ओढल्यासारखी दिसू लागली. दोष प्रोग्राममध्ये आहे असे समजून मी दोन संध्याकाळी त्यातच घालवल्या. दोन्ही बाजूंचा फिल्टर तंतोतंत सारखा हवा.

अजिंक्यतारांच्या पद्धतीने आधी ‘सातारा’ लिहून पाहिला. ७७० बिंदू झाले, म्हणजे सुमारे ४.६ मिलिसेकंद, आणि तो शब्द शाईने लिहिल्यासारखा स्थिर उभा राहिला. मला इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. नंतर ‘सांगली’ घेतला. अनुस्वाराची उडी मी शिरोरेखेवरून सर्वांत कमी अंतराच्या जागी घेतली, मधे एकही बिंदू न टाकता ठिपका एकदम वर नेला, तिथे बारा बिंदूंइतका वेळ थांबवला आणि तसाच खाली आणला. ब्राइटनेस थोडा उतरवला की उडीची रेघ दिसेनाशी होते आणि अनुस्वार ठसठशीत राहतो. अनुस्वाराला तसेही थांबायलाच लागते, त्यामुळे इथे थांबण्याची गाठ दोष न ठरता कामाला आली.

आता एकच प्रश्न उरला आहे. तबकडी, काटे आणि नाव मिळून चित्र सुमारे ९ मिलिसेकंदांत संपते. मी सेकंदाला ५० चित्रे ठरवल्यामुळे उरलेले ११ मिलिसेकंद ठिपका शेवटच्या जागी उभा राहतो आणि तिथे प्रखर तेज येते. शिवाय तीन काटे मध्यबिंदूतून निघत असल्याने तिथेही उजेड साचतो.

तासगावचा दुरुस्तीवाला

ते तेज ताबडतोब बंद करावे. एका जागी उभा राहिलेला प्रखर ठिपका फॉस्फर जाळतो आणि तो डाग कायमचा राहतो. चित्र संपले की थांबू नये, लगेच पुढचे सुरू करावे. सेकंदाला शंभराहून अधिक चित्रे झाली तरी काही बिघडत नाही. प्रोग्राम अडकला तरीही ठिपका स्थिर होणार हे ध्यानात ठेवून वॉचडॉग टायमर (अडकलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करणारा) लावावा, आणि प्रोग्राम भरत असताना ब्राइटनेस पूर्ण उतरवून ठेवावा. काट्यांसाठी मध्यबिंदू सोडून द्यावा. प्रत्येक काटा मध्यापासून दोन मिलिमीटरवर सुरू केला की पुरे.

आणखी दोन गोष्टी या धाग्यात यायला हव्यात. जुन्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार पुष्कळदा जोडलेलीच नसते. सीआरओची बॉडी आणि प्रोबची ग्राउंड क्लिप एकच असतात, तेव्हा अर्थिंग तपासल्याशिवाय बोर्ड आणि लॅपटॉप त्याला जोडू नयेत. चित्र ५० हर्ट्झने डुलत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. दुसरे, पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा ओली असते आणि नळीला साधारण दोन हजार व्होल्ट लागतात. बरेच दिवस बंद असलेला सीआरओ चालू केल्यावर आतून सुरसुर ऐकू आली किंवा उग्र वास आला, तर लगेच बंद करावा आणि कोरड्या जागी ठेवावा. झाकण उघडण्याचा मोह टाळावा, प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये भार राहतो.

अजिंक्यतारा (सातारा)

कृष्णाकाठ, पुढे मजकूर लांबला आणि उड्या वाढल्या तर झेड इनपुट घ्यावे लागेल. काही सीआरओंमध्ये धन व्होल्टेजने ठिपका विझतो आणि काहींमध्ये तो त्यानेच उजळतो. मॅन्युअल नसेल तर वर्तुळ चालू ठेवून मागच्या सॉकेटला एका रेझिस्टरमधून पाच व्होल्टची चौकोनी लहर द्यावी आणि तिची वारंवारता वर्तुळाच्या आठपट ठेवावी. वर्तुळाचे आठ तुकडे दिसले की इनपुट चालू आहे हे कळते, आणि लहरीतला धन भाग ऋण भागापेक्षा लांब ठेवला तर तुकडे आखूड होतात की लांब, यावरून दिशाही कळते. अक्षरांचे माझे तक्ते क पासून ज्ञ पर्यंत तयार आहेत, प्रत्येक अक्षर शिरोरेखेपासून शिरोरेखेपर्यंत. जोडाक्षरे अजून अपुरी आहेत. ‘कृष्णा’मधला ष्ण आपण आधी करून पाहावा.